तांबं खरवडणारे सर

आमच्या घरी भात दिवाळीला यायचा आणि होळीच्या आत संपायचा. दीड एकर जमीन, त्यातली निम्मी वरकस, भात न होणारी. किन्हवलीहून आत, डांबर संपल्यावर अर्धा तास चाललं की आमचं गाव लागतं. भात संपला की बाबा गवताच्या वखारीवर जायचे. आई डोंगरावरून गवताचे भारे आणायची, बाबा ते प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायचे. माझ्या दहावीच्या वर्षी गाठीची तार उसळून बाबांच्या डोळ्याखाली लागली. डोळा वाचला, पण दोन महिने ते घरी बसले. प्रेसचा दांडा बायकांनी ओढायचा नाही, अशी वखारीची रीत. आईने ओढला. पहिल्या दिवशी गडी हसले, दुसऱ्या दिवशी गप्प झाले. त्या दोन महिन्यांत आम्ही सकाळी पेज आणि संध्याकाळी पेज खाल्ली, मीठ मात्र वेगवेगळं घातलं, असं माझा भाऊ अजून हसून सांगतो.

मी इंजिनीअरिंगला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. हे मी छाती काढून सांगते. बाबांनी अट मात्र घातली होती. "चार वरसं दिली तुला. चौथं संपेतो नोकरी ठरली तर ठरली. नाय तर मुरबाडला एमआयडीसीत काकी पॅकिंगला जाते, तिच्यासंगं जायचं. मग कुरकुर नाय करायची."

मी म्हटलं, "नाय करणार."

आणि चौथ्या वर्षाला आम्हाला ते सर आले.

सर मुरबाड तालुक्यातल्या एका गावचे. उंच, काटक, आणि शर्टाच्या पोटावर कायम पिवळसर तपकिरी डाग. पहिल्या तासाला आले ते हजेरी न घेताच टेबलावर एक रिकामी काड्यापेटी ठेवली.

"यात काय मावतं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काड्या."

"आणखी?"

सर खिडकीपर्यंत चालत गेले, परत आले. "अँटेना. यात मावेल एवढा. आणि चालला पाहिजे सव्वादोनपासून सहा गिगाहर्ट्झपर्यंत, मधे कुठे खंड नाय. वायफाय, ब्लूटूथ, नवीन फाइव्ह-जी, सगळं एकाच तुकड्यात. ज्याला जमेल असं वाटतं त्याने माझ्याकडे प्रोजेक्ट घ्या. बाकीच्यांनी दुसऱ्या सरांकडे जा. तिकडे मार्क पण बरे मिळतात."

यात अवघड काय, ते सांगते. लहान बासरीतून खालचा सूर निघत नाही, तसं लहान अँटेनाला खालची फ्रिक्वेन्सी जमत नाही. आणि एकाच अँटेनाला सगळे सूर तर त्याहून जमत नाहीत. सरांना दोन्ही हवं होतं, तेही काड्यापेटीत. वर्गातल्या साठ जणांपैकी त्यांच्याकडे तिघं गेलो. दिवाळीपर्यंत दोघं सोडून गेले.

सर बसत नसत. मी त्यांना वर्षभरात बसलेलं पाहिलं नाही. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची ओले बोर्ड वाळत घालायला होती. मुरबाडहून ते सरळगाव, किन्हवली करत एसटीने शहापूरला आमच्या कॉलेजात यायचे आणि अख्खा रस्ता दांडा धरून उभे. किन्हवलीला मी त्याच गाडीत चढायचे. एकदा गाडी अर्धी रिकामी, तरी सर उभे. कंडक्टर म्हणाला, "सर, बसा की. दिसायला बरं नाय दिसत."

"बसलो की डोकं बसतं."

"मग माझ्या ड्युटीला तुमी उभे राहा, मी बसतो," असं म्हणून तो खरंच शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. सर त्याच्याशी शहापूरपर्यंत बोलत राहिले. विषय एकच, कुठल्या वळणावर त्याच्या तिकिटाच्या मशीनची रेंज जाते. कंडक्टरने सात वळणं सांगितली. सरांनी ती हाताच्या तळव्यावर लिहून घेतली. वहीत नाही, तळव्यावर. वही उघडायला बसावं लागतं.

शर्टावरचे डाग फेरिक क्लोराइडचे. तांब्याचा पत्रा चिकटवलेला बोर्ड या पाण्यात बुडवला की नको असलेलं तांबं विरघळून जातं आणि हवा तो आकार उरतो. कॉलेजात त्यासाठी ट्रे होते, पण सरांना ते लहान वाटायचे. ते कॅन्टीनच्या मावशींचा भांडी घासायचा टप उचलून न्यायचे.

"सर! माझा टप परत नासावला तुमी!" मावशी लॅबच्या दारात उभ्या राहून ओरडायच्या. "मागच्या टायमाला पण आमी नवा आणला!"

"मावशी, या टपात काय तयार होतंय ठाऊक आहे का तुमाला?"

"ठाऊक आहे. डाग तयार होतंय."

सर मनापासून हसायचे आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टप न्यायचे. शेवटी मावशींनी टपावर नेलपॉलिशने मोठी फुली मारून तो त्यांनाच देऊन टाकला.

पण मुलांचा खरा राग होता तो त्यांच्या ब्लेडवर. सरांच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं. कोणाचाही तयार बोर्ड दिसला की ते कडेचं तांबं खरवडायला लागायचे. केसाएवढं काढायचं, मशीनवर बघायचं, पुन्हा केसाएवढं. त्यांचं म्हणणं एकच, "कापलेलं तांबं परत चिकटत नाय. म्हणून आधी मोठं ठेवा, मग खरवडत या." म्हणणं बरोबर. पण ते दुसऱ्याचा झालेला, जमलेला बोर्डही खरवडायचे, आणखी चांगला होईल म्हणून. दहातले चार चांगले व्हायचे. सहा मरायचे. एका मुलीचा बोर्ड सबमिशनच्या दिवशी सकाळी मेला, ती जिन्यात बसून रडली. सरांनी तिला दुपारपर्यंत स्वतःच्या हाताने नवा करून दिला, पण माफी मागितली नाही. "पहिला ढिला होता," एवढंच म्हणाले. पोरं त्यांना खरवड्या म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. लॅबमध्ये शिरताना स्वतःच म्हणायचे, "चला, खरवड्या आला, बोर्ड झाका."

पावसाळ्यात एकदा त्यांनी आम्हाला वर्गातून उठवून कॉलेजच्या मागच्या शेतापलीकडे जायला सांगितलं. भात लावलेला होता. आम्ही एकामागून एक बांधावरून गेलो. सर अलीकडे उभे राहून ओरडले, "शेतातून कोण गेला?"

"कोणी नाय!"

"का?"

"भात आहे सर!"

"करंट पण तसाच आहे. तांब्याच्या मधून जात नाय, कडेकडेने जातो. खालची फ्रिक्वेन्सी पाहिजे तर त्याला लांब वाट पाहिजे. म्हणून शेत मोठं करायचं नाय, बांध वाकडा करायचा. कळलं?"

तेवढ्यात शेताचा मालक काठी घेऊन आला. "ओ मास्तर, कळलं त्यांना! बांध फुटंल माझा, बोलवा पोरांना माघारी!"

मी शेतकऱ्याची पोर. पुस्तकातलं जे तीन महिने कळलं नव्हतं, ते मला त्या बांधावर कळलं. त्या आठवड्यात मी माझ्या तांब्याच्या कडेला खाच पाडली, मग दुसरी, आणि खालच्या पट्टीला कोपऱ्यातून वळवून वर घेतलं. सॉफ्टवेअरमध्ये बघायचं, बोर्ड करायचा, मशीनवर लावायचा. मशीन म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालायझर. ते अँटेनाला केबलमधून सिग्नल देतं आणि किती परत आला त्याची रेघ स्क्रीनवर काढतं. रेघ एका ठरावीक ओळीच्या खाली राहिली तर अँटेना त्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, असं धरायचं. माझी रेघ कधी इथे वर निघायची, कधी तिथे. अकरा बोर्ड मेले. मला जेवताना ताटाची कड दिसली तरी खाच पाडावीशी वाटायची. आई म्हणायची, "खा गो, ताट काय बघतंस?"

बाराव्या बोर्डाने रेघ खाली ठेवली. दोनपासून सहापर्यंत, सलग. सव्वादोन मागितलं होतं, मी दोनपासून दिलं. आणि बोर्ड काड्यापेटीत टाकून झाकण लावता येत होतं.

सरांनी रेघ पाहिली. शाबास म्हणाले नाहीत. लॅबमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "फार सुंदर आहे. मला सुंदर रेघेची भीती वाटते." मला वाटलं, यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. ब्लेड काढतील म्हणून मी बोर्ड घरी घेऊन गेले.

शेवटच्या सत्रात पुण्याकडच्या एका कंपनीचे साहेब कॉलेजात आले. त्यांची कंपनी पाण्याचे मीटर बनवते. मीटर आपलं रीडिंग आपणच पाठवतो, त्यासाठी डबीच्या आत बसणारा लहान अँटेना त्यांना हवा होता. आमच्या विभागातल्या एकाला ते घेणार, ज्याचं काम पटेल त्याला. माझा नंबर तिसरा होता. मी बोर्ड लावला. रेघ आली, दोन ते सहा. साहेब पुढे वाकले. "हे तू केलंस?"

"हो सर. मीच."

"फारच छान. एवढ्याशा साइजमध्ये?"

मला बाबांची अट आठवली, काकीचा पॅकिंगचा निळा कोट आठवला, आणि दोन्ही संपल्यासारखे वाटले. तेवढ्यात आमचे सर मागून आले. बोर्डाला हात लावला नाही. बोर्डापासून हातभर लांब, मशीनकडून येणारी केबल होती ती त्यांनी मुठीत धरली.

स्क्रीनवरची रेघ हलली. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या टोकाला उचलली आणि ओळीच्या वर गेली. सरांनी मूठ सोडली, रेघ खाली. पुन्हा धरली, पुन्हा वर.

"साहेब," सर म्हणाले, "हा खालचा बँड हिचा नाय. केबलचा आहे. अँटेना लहान आहे म्हणून करंट केबलवर चढतोय आणि केबलच अँटेना झाली आहे. तुमच्या मीटरमध्ये केबल नसणार. तिथे हा अडीचच्या पुढे कुठेतरी चालू होईल."

साहेबांनी मान हलवली, सरळ झाले. "बरोबर आहे. मग तयार झाला की कळवा. महिन्याभरात परत येतो, तोवर कोणाचं नक्की करत नाही." आणि चौथ्या मुलाकडे गेले.

मी बाहेर आले. सर मागोमाग आले. मी त्यांच्याशी तशी कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "सर, तुमी माझी नोकरी घालवली."

"तुझी कुठे? केबलला लागत होती ती."

"आधी एकट्यात सांगायचं होतं ना मला!"

सर तेव्हा जरा थांबले. पहिल्यांदा त्यांचे पाय थांबलेले मी पाहिले. "मला पण साहेब वाकला तेव्हाच सुचलं, धरून बघावं," ते म्हणाले. "इतके दिवस भीती वाटत होती, कशाची ते कळत नव्हतं." मग पुन्हा चालायला लागले आणि चालता चालताच म्हणाले, "सुचल्यावर गप्प बसलो असतो तर खोटं झालं असतं."

मी आठवडाभर कॉलेजला गेले नाही. घरी खरं कारण सांगितलं नाही, ताप आहे म्हटलं. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि कामाला गेली.

रविवारी सकाळी सर आमच्या दारात उभे. किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे चालत. खांद्यावर गोणपाटाची पिशवी. आईने खाट पुढे केली, सर बसले नाहीत. आई ओशाळली. मी म्हटलं, "ते बसत नाहीत गो, चहा उभ्यानेच दे."

पिशवी त्यांनी ओसरीवर पालथी केली. काळे गोल मणके, शंभर तरी असतील. जुन्या कॉम्प्युटरच्या वायरींना टोकाजवळ एक काळी गाठ असते ना, ती फोडून काढलेले. शहापूरच्या भंगारवाल्याकडे दोन दिवस उभं राहून त्यांनी ते जमवले होते. "हे केबलमध्ये ओवायचे," ते म्हणाले. "फेराइट आहे. केबलवर चढलेला करंट यांच्यात मरतो. मग जी रेघ दिसेल ती तुझी."

"आणि ती वाईट दिसली तर?"

"दिसणारच आहे वाईट."

बाबा कोपऱ्यात विळ्याला धार लावत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय झालंय मास्तर? पोर आठ दिस तापलीय, पण अंग गार आहे."

सरांनी मला वाचवलं नाही. सगळं सांगितलं, साहेब, रेघ, मूठ, सगळं. मी जमिनीकडे बघत राहिले. बाबा ऐकत होते. त्यांनी केबल म्हणजे काय ते एकदा विचारून घेतलं. मग अंगठ्याने धार बघत म्हणाले, "म्हंजे गाठ प्रेसमंदीच बघितली तिने."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"प्रेसमंदी सगळ्याच गाठी घट्ट असतात, मास्तर. दोन बाजूंनी लाकूड दाबून धरतं ना तिला. नवा गडी तिथंच खूष होतो, तार ओढली, झालं. प्रेस उघडला की गाठ फुगते आणि तार सुटते. आमी प्रेस उघडून, गाठ जमिनीवर टाकून, वर पाय देऊन बघतो. तवा ती गाठ."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं घरात असताना तू माझ्याकडे कशाला शिकायला येतेस?"

बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "महिना दिलाय ना त्या साहेबाने? मग ताप कसला काढून बसलीस?"

सोमवारी मी गेले. केबलमध्ये मणके ओवले, गळ्यातल्या माळेसारखे, एकाला एक लावून. रेघ वाईटच आली. माझा अँटेना खरोखर पावणेतीनला चालू होत होता. मी स्वतःच केबल मुठीत धरली, रेघ हलली नाही. वाईट होती, पण माझी होती.

मग तीन आठवडे. सर दिवसभर माझ्या टेबलाभोवती फिरायचे, मध्येच दुसऱ्याच्या बोर्डाकडे जायचे, तिथे आरडाओरडा झाला की माघारी. मी ब्लेड त्यांच्या हातात जाऊ दिलं नाही. "सर, हात मागे," म्हणायचे. ते खरंच हात मागे बांधून उभे राहायचे आणि तोंडाने सांगायचे, "डावीकडून. आणखी केसभर. बस. बस म्हटलं ना!" खालच्या पट्टीला मी आणखी एक वळण दिलं, करंटची वाट लांब केली. अडीचवर आलं. मागच्या बाजूला एक बारीक पट्टी वेगळी ठेवली, मुख्य तांब्याला न जोडता. ही कल्पना सरांची नव्हती, माझी होती, आणि सर दोन दिवस तिला वेडेपणा म्हणत होते. ती पट्टी लावल्यावर अँटेना अडीचऐवजी सव्वादोनलाच चालू व्हायला लागला. सरांनी टेबलावर बोटाने वाजवलं आणि म्हणाले, "वेडेपणा तर वेडेपणा. राहू दे."

साहेब आले तेव्हा मी मशीन चालूच केलं नाही. त्यांच्याकडून मीटरची रिकामी डबी मागून घेतली, तीत सगळ्या फ्रिक्वेन्सी पाठवणारा बॅटरीवरचा लहान ट्रान्समीटर आणि माझा बोर्ड बसवला, झाकण आवळलं. कुठेही केबल नाही. डबी मावशींच्या हातात दिली आणि त्यांना मैदानाच्या टोकाला जायला सांगितलं. इकडे साहेबांच्या स्वतःच्या रिसीव्हरवर आम्ही एकेक फ्रिक्वेन्सी बघत गेलो. किती सिग्नल पोचतोय त्याचे आकडे साहेब मोठ्याने वाचत होते. आमचे सर त्यांच्या मागे येरझाऱ्या घालत होते, इतक्या की साहेब म्हणाले, "सर, तुम्ही जरा थांबता का? माझा आकडा चुकतोय."

"थांबलो तर माझा चुकेल," सर म्हणाले.

खालच्या टोकाला सव्वादोनवर मी मुद्दाम थांबले. "सर, इथे परत वाचा. मागच्या वेळेला इथेच खोटं निघालं होतं."

साहेबांनी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा आकडा तोच आला, मीटरला पुरेल एवढा. लांबून मावशी ओरडल्या, "अगो, झालं का? ऊन लागतंय!"

आता मी त्याच कंपनीत अँटेना डिझाइनचं काम करते. तिथे कोणी नवं पोर सुंदर रेघ दाखवायला आलं की मी आधी केबल धरते. लोकांना ते उद्धट वाटतं, वाटू दे. सर अजून शिकवतात. फोन केला तर तब्येत, घर, काही विचारत नाहीत. "किती झालं?" एवढंच विचारतात, आणि बोलताना त्यांच्या पायांचा आवाज येत राहतो. माणूस म्हणून त्यांनी माझ्याशी दरवेळी बरं केलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी चारचौघांत जे केलं ते मला आजही टोचतं. पण त्यांनी मूठ धरली नसती तर मी खोटा अँटेना घेऊन नोकरीला लागले असते आणि पहिल्याच मीटरमध्ये तो मेला असता.

मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. माझा अँटेना अठ्ठेचाळीस मिलिमीटर लांब आणि चौतीस रुंद आहे. तो सव्वादोन ते सहा गिगाहर्ट्झ सलग चालतो, आणि केबल काढून टाकली तरी चालतो.